स्त्रियांचे स्वतंत्र मासिक : ते घडते कसे?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा कामगार संहिता असे काहीतरी आम्ही कळवू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही 'स्त्रियांचे स्वतंत्र मासिक' असे कळवले, तेव्हा त्यांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. पगारवाढीवर कामगार पुढाऱ्याने बोलावे आणि मासिकांवर साहित्यिकांनी, अशी वाटणी आपल्याकडे झालेली आहे. ती आम्हाला मान्य नाही. मासिक हीसुद्धा माणसांच्या हातांनी तयार होणारी वस्तू आहे, आणि ते हात कोणाचे यावर त्यात काय छापले जाणार हे पुष्कळसे ठरते. आजचे आमचे सांगणे एवढेच आहे.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण छापखान्यात, खिळ्यांच्या पेट्यांसमोर उभ्याने झाले. १९८५ च्या सुमारास तालुक्याच्या गावांतले छापखाने अजून खिळ्यांवरच चालत. इंग्रजीच्या जुळाऱ्याचे दोन पेट्यांत भागते. आपल्या देवनागरीला काना-मात्रा, जोडाक्षरे धरून खण कितीतरी अधिक लागतात. त्या खणांतून एकेक अक्षर उचलता उचलता आम्ही वाचावयास शिकलो असे म्हटले तरी चालेल. लग्नपत्रिका, सहकारी पेढ्यांचे अहवाल, दिवाळी अंक यांच्याबरोबर बायकांसाठी निघणारी एकदोन मासिकेही त्या छापखान्यात येत. जाहिरातींची पाने आधी जुळवून, दोरीने बांधून तयार असत. लेख मागाहून येई आणि उरलेल्या जागेत बसवावा लागे. चार ओळी जास्त झाल्या की त्या लेखाच्या कापायच्या. साबणाच्या जाहिरातीची एक ओळ कापलेली आम्ही कधी पाहिली नाही. मासिकाचा धनी कोण, हा धडा आम्हाला तिथे मिळाला; पुढे संघटनेच्या कामात तो फार उपयोगी पडला.

तेव्हा 'स्वतंत्र मासिक' म्हटले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : कोणापासून स्वतंत्र? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे उदाहरण सर्वांत बोलके वाटले, ते लंडनचे आहे आणि १८५८ सालचे आहे. इतके लांब जाण्याचे कारण असे की, मासिक काढणे, ते छापणे आणि त्यावरून कामगारांच्या संघटनेशी खटका उडणे, हे सारे तिथे एकाच गोष्टीत सापडते.

बेसी रेनर पार्क्स आणि बार्बरा बोडिशन या दोन मैत्रिणी, वयाने तिशीच्या आतबाहेर. एडिंबरोहून निघणारे 'वेव्हर्ली जर्नल' नावाचे एक पत्र १८५७ साली पार्क्सबाईंकडे संपादनासाठी आले होते. ते विकतच घ्यावे असा विचार चालला होता. जॉर्ज हेस्टिंग्ज या कायदा जाणणाऱ्या स्नेह्याने सल्ला दिला की, दुसऱ्याच्या पत्रात पैसा घालण्यापेक्षा स्वतःचे काढावे. सल्ला पटला. फेब्रुवारी १८५८ मध्ये रीतसर मर्यादित कंपनी नोंदवण्यात आली. भांडवल एक हजार पौंड, भाग पाच-पाच पौंडांचे. मार्चमध्ये 'इंग्लिश वूमन्स जर्नल'चा पहिला अंक निघाला. किंमत एक शिलिंग.

इथे क्षणभर थांबावयास हवे. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची कमाई तिच्या नवऱ्याची होती. स्वतःच्या मिळकतीवर तिला हक्क मिळाला तो १८७० च्या कायद्याने, आणि मालमत्तेचा पुरा हक्क १८८२ साली. बोडिशनबाईंनी १८५४ मध्येच स्त्रियांना लागू असलेल्या कायद्यांचा साध्या भाषेत सारांश लिहून प्रसिद्ध केला होता, १८५६ मध्ये त्यासाठी सह्यांची मोहीमही केली होती. म्हणजे पैसा ज्याचा त्याचा शब्द चालतो, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. पुष्कळांचे थोडे थोडे पैसे असावेत, आणि एकाच्या लहरीवर मासिक बंद पडू नये, असा त्या पाच पौंडांच्या भागांचा अर्थ आम्ही लावतो. मासिकाच्या घडणीची चर्चा लोक मुखपृष्ठापासून सुरू करतात. आमच्या मते ती भागधारकांच्या यादीपासून सुरू व्हावी.

आता आत काय घालावयाचे? पार्क्सबाई स्वतः कवयित्री. त्यांच्या ओळखीत नावाजलेली लेखक मंडळी होती. जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या कादंबरीकर्त्रीशी त्यांचा स्नेह होता. तिने सल्ला दिला तो असा की, साहित्य कमी घाला. कामाची माहिती, समाजातली वस्तुस्थिती, चाललेल्या चळवळींची हकीकत जितकी जास्त देता येईल तितकी द्या. एका कादंबरीकर्त्रीने हे सांगावे याचे आम्हाला फार कौतुक वाटते. दुय्यम कथा-कवितांनी भरलेले मासिक स्त्रियांचे म्हणून कोणी चालवून घेऊ नये, असा तिचा रोख असावा. पार्क्सबाईंनी हा सल्ला अर्धाच ऐकला. कविता राहिल्या, चरित्रेही राहिली. पण मासिकाचा कणा बनला तो एकाच प्रश्नाचा : पोटासाठी काम करावे लागणाऱ्या बाईला काम कोठे आहे, आणि त्याचे दाम काय?

हा प्रश्न संपादकांच्या टेबलावर बसून सुचलेला नव्हता. तो दारातून चालत आला. मासिकाच्या कचेरीला जोडून त्यांनी स्त्रियांसाठी एक वाचनालय उघडले होते. १८५९ च्या अखेरीस कचेरी १९ लँगहॅम प्लेस या जागेत गेली. बाहेरगावच्या बाईने यावे, वर्तमानपत्रे वाचावीत, घटकाभर बसावे. त्याच वर्षी स्त्रियांना रोजगार मिळवून देणारी संस्था निघाली, आणि नोकरी शोधणाऱ्या बायकांची नावे नोंदवण्याची वही सुरू झाली. नोकऱ्या मोजक्या, बायका रांगेने. ज्याने संघटनेच्या कचेरीत सकाळी दहाला टाळेबंदीतल्या कामगारांना तोंड दिले आहे, त्याला त्या वहीच्या टेबलामागे बसलेल्या बाईची अवस्था समजेल. पण मासिकाला जिवंत मजकूर मिळाला तो याच वाटेने. पार्क्सबाईंनी १८५९ मध्ये घरशिक्षिकांवर लेख लिहिला, त्यात उमाळे नाहीत. म्हाताऱ्या, निराधार घरशिक्षिकांना मदत करणाऱ्या एका संस्थेकडे मूठभर वार्षिकींसाठी शंभरावर अर्ज आलेले होते. ते अर्जच त्यांनी वाचकांपुढे उलगडून ठेवले. कोण किती वर्षे राबली, हाती काय उरले, बस्स. आमच्या अनुभवाने सांगतो, कारखान्याच्या दारावरच्या भाषणात जे साधत नाही ते अशा एका यादीने साधते.

दुसरे साधन म्हणजे वाचकांच्या पत्रांचे सदर. त्याला त्यांनी 'खुली सभा' अशा अर्थाचे नाव दिले होते. या पानांवर वाचकांनी विरोधी मतेही मांडावीत, अशी मुभा होती. लिहिण्याची सवय नसलेल्या बाईला एकदम लेख लिही म्हटले तर ती लिहीत नाही. पत्र लिही म्हटले तर लिहिते. पुढे केंब्रिजला गर्टन कॉलेज उभारणाऱ्या एमिली डेव्हिस याच मंडळीत वाढल्या, आणि १८६३ मध्ये काही महिने मासिकाचे संपादनही त्यांनी केले.

आणि खप? हजाराच्या आसपास. आजच्या हिशेबाने हसू येईल. पण जेसी बूशरे नावाच्या लिंकनशरच्या एका बाईला १८५९ साली रेल्वे स्टेशनच्या पुस्तकांच्या गाड्यावर एक अंक दिसला. तिने तो घेतला, वाचला, आणि आपल्याच मनातले कोणीतरी छापले आहे असे वाटून ती थेट लंडनला कचेरीत गेली. तिथे कोणी पोक्त, गबाळी बाई भेटेल अशी तिची कल्पना होती. समोर आली ती टापटिपीची तरुणी. वर सांगितलेली रोजगाराची संस्था उभी राहिली ती या बूशरेबाईंच्या पुढाकाराने. हजार प्रतींतली एक प्रत योग्य गाड्यावर ठेवली गेली, त्याचा हा परिणाम. आपल्याकडे चांगल्या मासिकांची मंडळी मजकुरावर रात्री जागवतात आणि वाटपाचे काम पोस्टावर सोडून देतात, हे आम्हाला कधी समजलेले नाही.

आता आम्ही आमच्या धंद्याच्या भागाकडे येतो. बायकांच्या रोजगाराविषयी लिहिणारे हे मासिक जुळवत होते पुरुष, छापत होते पुरुष. ही विसंगती त्या बायकांच्या डोळ्यांवर आली. १८५९ मध्ये पार्क्सबाईंनी एक लहानसे हातयंत्र आणि खिळे विकत घेतले, आणि एमिली फेथफुल या मैत्रिणीबरोबर खिळे जुळवण्याचा श्रीगणेशा केला. २५ मार्च १८६० रोजी फेथफुलबाईंनी ग्रेट कोरम स्ट्रीटवर 'व्हिक्टोरिया प्रेस' उघडला. जुळणीला मुली, जड फर्मे उचलणे आणि यंत्र चालवणे यासाठी पुरुष. मुलींना बसावयास उंच स्टुले दिली. ही स्टुलांची गोष्ट बारीक वाटेल. आम्ही आठ-आठ तास उभ्याने जुळणी केली आहे, आणि बसून जुळणी होत नाही असे आम्हाला शपथेवर सांगण्यात आले होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ती होत होती! मासिकाची छपाई याच छापखान्यात होऊ लागली, आणि १८६२ साली फेथफुलबाईंना राणीच्या मुद्रक-प्रकाशक म्हणून मान मिळाला.

मुद्रकांच्या संघाने मात्र या उद्योगाला विरोध केला. फेथफुलबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की, मुलींचे कपडे खराब व्हावेत म्हणून त्यांच्या जागांवर, स्टुलांवर शाई ओतली जाई. खणांतले खिळे एकमेकांत मिसळून खिचडी करून ठेवली जाई. ज्याने मिसळलेली पेटी निवडली आहे त्याला विचारा, तो शाई परवडली म्हणेल. मुलींना शिकवावयास जे पुरुष कामगार आले, त्यांना खोटी नावे घ्यावी लागली, कारण संघाने हे काम करण्यास मनाई केली होती.

आम्ही संघटनेची माणसे आहोत, म्हणून त्या मुद्रकांची बाजूही सांगितली पाहिजे. ती खोटी नव्हती. मालक बाईला कमी मजुरी देत आणि तिच्या नावाने पुरुषाची मजुरी पाडत. १८७२ साली एडिंबरोच्या मुद्रकांनी संप केला, तेव्हा मालकांनी मुलींना कामावर भरून घेतले, आणि त्या शहरात स्वस्त मजुरीवर मुलींकडून जुळणी करून घेण्याची चालच पडली. जुळाऱ्याची भीती पोटाची होती. पण त्या भीतीवर दोन उपाय होते. एक, मुलीला संघात घ्यावयाचे आणि समान मजुरीसाठी दोघांनी मिळून लढावयाचे. दुसरा, तिच्या स्टुलावर शाई ओतावयाची. त्यांनी दुसरा आधी केला. १८८६ च्या मुद्रकांच्या परिषदेत ठराव झाला तो वाचण्यासारखा आहे. बाईच्या अंगी हे काम करण्याची शक्ती नाही असे आमचे ठाम मत आहे. तथापि पुरुषाच्या बरोबरीच्या अटींवर आणि पुऱ्या दरानेच तिला सभासद करून घ्यावे, असा त्याचा भाव आहे. समान वेतनाचे तत्त्व सोन्यासारखे आहे. परंतु सात वर्षांची उमेदवारी मुलीला करू द्यावयाची नाही, आणि मग उमेदवारी पुरी केलेल्या माणसाचा दर मिळवून दाखव म्हणावयाचे, याला आम्ही तत्त्व म्हणत नाही. लंडनच्या जुळाऱ्यांच्या संघात पहिली स्त्री-सभासद आली ती १८९२ साली.

या गाठीतून वाट काढण्याचा सर्वांत शहाणा प्रयत्न आम्हाला एमा पॅटरसन या बाईचा वाटतो. त्यांचा पुस्तकबांधणीच्या धंद्याशी संबंध आलेला. अमेरिकेतल्या स्त्री-कामगारांच्या संघटना पाहून त्या परतल्या, आणि १८७४ साली स्त्रियांचे संघ उभारण्यासाठी त्यांनी मंडळ काढले. १८७५ मध्ये ग्लासगोच्या ट्रेड युनियन काँग्रेसला ज्या पहिल्या स्त्री-प्रतिनिधी गेल्या, त्यांत त्या होत्या. १८७६ साली त्यांनी दोन गोष्टी केल्या. 'वूमन्स युनियन जर्नल' हे मासिक काढले, आणि बायकांचे सहकारी छपाई मंडळ स्थापन केले; त्यासाठी स्वतः जुळणी शिकल्या. पॅटरसनबाई १८८६ मध्ये अडतिसाव्या वर्षी वारल्या. मासिक १८९० पर्यंत चालले.

पार्क्सबाईंचे मासिक त्यामानाने लवकर, ऑगस्ट १८६४ मध्ये थांबले. पैसा पुरेना, मंडळीत धर्माच्या मतांवरून आणि धोरणावरून कुरबुरी झाल्या, बोडिशनबाई वर्षातले कित्येक महिने अल्जीरियात असत, पार्क्सबाईंची प्रकृती ढासळली. अशा कामांत नेहमी होते तेच झाले. मात्र १८६६ साली स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून जवळजवळ पंधराशे सह्यांचा अर्ज जॉन स्टुअर्ट मिलने पार्लमेंटात दिला, त्यासाठी खपणाऱ्यांत लँगहॅम प्लेसचीच मंडळी होती.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, आता खिळे गेले, जुळारी गेले; घरोघरी संगणक आले. हातांचा प्रश्न उरला कुठे? आपल्या पुण्यातच १९८९ च्या ऑगस्टमध्ये विद्या बाळ यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. त्यापूर्वी किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते, संपादनही केले होते. 'स्त्री' हे १९३० पासून चाललेले, मोठ्या घरचे, नाव असलेले मासिक. त्याचा अनुभव असलेल्या बाईला पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पहिल्यापासून स्वतःचे मासिक काढावेसे वाटले, यातच उत्तर आहे. यंत्र बदलले तरी, अंकात काय यावे हे अखेरीस कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न बदलत नाही.

तो प्रश्न आम्ही अलीकडे अगदी जवळून पाहिला. संगमनेरच्या बाजूला घरी विड्या वळणाऱ्या बायका आमच्या संघटनेत आहेत. त्यांनी स्वतःचे चार पानी पत्र काढावयाचे ठरवले. संघटनेच्या कचेरीतून त्यांना नमुन्याचा मजकूर गेला. 'श्रमजीवी महिलांचे शोषण' वगैरे त्यात सर्व होते. एकीच्या ओट्यावर बसून बारावी झालेल्या मुलीने तो मोठ्याने वाचला. हात विडीवर, कान वाचनाकडे. वाचून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, ह्ये कोन बोलतंय?" एवढ्यावर तो मजकूर बाद झाला. त्या दिवसापासून त्यांची रीत पडली ती अशी : लिहिलेले सर्व विड्या वळता वळता वाचावयाचे, आणि ज्या शब्दाला दोघीजणी थांबतील तो काढावयाचा. इतके कसून केलेले संपादन आम्ही मोठ्या दैनिकांतही पाहिले नाही.

पहिल्या पानावर अध्यक्षांचा संदेश आणि छायाचित्र असावे, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. बायका म्हणाल्या, "छापू की. पन मंग ह्या आठवड्याला त्येंची छाट किती निघाली त्ये बी त्येंनी लिहून द्यावं." छायाचित्र राहिले.

छाट म्हणजे काय ते शहरी श्रोत्यांना सांगितले पाहिजे. बाई विड्या घेऊन गेली की तपासणारा त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही. ही छाट ठरावीक मर्यादेच्या वर जाता कामा नये. या बायकांनी पत्रात सदर काढले त्याचे नाव 'छाट'. बाकी काही नाही, नुसते आकडे : दोन हजार दिल्या, एकशे दहा काढल्या, पंधराशे दिल्या, नव्वद काढल्या. नावे नाहीत. दुसरा अंक निघाला आणि तपासणाऱ्याने विचारपूस सुरू केली. हस्ताक्षर नव्हते, नाव नव्हते, पण आकडा म्हणजे एक प्रकारची सहीच असते. दोघींना आठवडाभर पान-तंबाखू मिळाली नाही, म्हणजे आठवडाभर काम नाही.

त्या रविवारी ओट्यावर जी बैठक झाली तिला आम्ही हजर होतो. पण तिथे आम्हाला मत नव्हते. सदर बंद करावे असे काहींचे म्हणणे. घरी कच्चीबच्ची असलेल्या बाईने तसे म्हणण्यात गैर काहीच नाही. खोटी नावे घालावीत असे एकीने सुचवले. त्यावर, मग उद्या कोणी म्हणेल की बायकाच खोट्या, असे दुसरीने सांगितले. दुपारचे तीन वाजले. शेवटी ठरले ते असे की, आकडे निनावीच राहावेत, पण शेवटच्या पानावर 'लिहिणाऱ्या' असे शीर्षक देऊन सर्वच्या सर्व बेचाळीसजणींची नावे छापावीत. ज्यांनी ओळ लिहिली त्यांचीही, आणि ज्या फक्त ऐकावयास बसल्या त्यांचीही. कोणा एकीला निवडून काढता येऊ नये एवढाच हेतू.

नावे लिहून घेताना एकीने सासरचे न सांगता माहेरचे नाव सांगितले. मुलीने वर पाहिले. बाई म्हणाली, "लिही." तेच छापले आहे.

त्यानंतर तीन अंक निघाले, सदर चालू आहे. गावातल्या एका किराणा दुकानदाराने जाहिरात देऊ केली आहे, ती घ्यावी की नाही यावर येत्या रविवारी बैठक आहे. सभागृहाच्या दाराशी काही प्रती ठेवल्या आहेत. किंमत पाच रुपये. सुटे असतील तर बरे.